दिवाणखान्यांतील शेअरबाजार

चार सुशिक्षित माणसें एकत्र जमलीं म्हणजे त्यांच्या बोलण्याचा ओघ कोणीकडे वळतो, यावरून त्या काळाची पारख करतां येते. आमच्या आजोबांच्या पिढींत हा ओघ राजकारणाकडे, संगीत नाटकांकडे किंवा पंचांगाच्या वादाकडे वळे. वडिलांच्या पिढींत तो बदल्या, बढत्या आणि मुलांच्या परीक्षा यांकडे वळे. हल्लीं मात्र श्रावणांतील सत्यनारायण असो, मुंजीची पंगत असो, कीं सकाळीं टेकडीवर फिरावयास जाणाऱ्या निवृत्तांचा घोळका असो, पहिल्या दहा मिनिटांत प्रकृतीची विचारपूस आटोपते आणि अकराव्या मिनिटाला कोणीतरी विचारतो, "काय, बाजार काय म्हणतो?" हा बाजार भाजीचा नव्हे, हें कोणासहि सांगावें लागत नाहीं.

या बोलण्याची थट्टा करणें सोपें आहे, आणि ती पुष्कळांनीं केलीहि आहे. परंतु आम्हांस तो विषय थट्टेवारी नेण्याजोगा वाटत नाहीं. हीं माणसें दलाल नव्हेत, सटोडिये नव्हेत, अर्थशास्त्राचे पंडितहि नव्हेत. कोणी शाळेंतून निवृत्त झालेले शिक्षक, कोणी बँकेंत उभा जन्म काढलेले अधिकारी, कोणी संगणकाच्या कचेरींत नोकरी करणारा तरुण, तर कोणी घर सांभाळणारी गृहिणी. त्यांच्या बोलण्यांत एका वाक्यांत सेन्सेक्स येतो, दुसऱ्यांत कांद्याचा भाव येतो आणि तिसऱ्यांत धाकटीच्या इंजिनिअरिंगची फी येते. पुस्तकांत जिला अर्थव्यवस्था म्हणतात, ती घरांत याच रूपानें वावरत असते. तेव्हां या गप्पांतून घराला काय मिळतें आणि त्यांच्यामुळें घराचें काय जाऊं शकतें, याचा शांतपणें विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

मराठी पांढरपेशा वर्ग शेअरबाजाराच्या वाटेला फार उशिरां गेला, ही गोष्ट विलक्षण खरी. कारण हा बाजार त्याच्या अगदीं उंबरठ्याशीं वाढला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईच्या टाऊन हॉलासमोरील वडाच्या झाडाखालीं मूठभर दलाल जमत. त्यांचीच पुढें १८७५ सालीं रीतसर संस्था झाली, आणि आशियांतील सर्वांत जुना शेअरबाजार म्हणून ती आज ओळखली जाते. आमचे लोक त्या वडाखालून रोज सरकारी कचेरींत गेले, पण त्याच्या सावलींत थांबले नाहींत. हातचें सोडून पळत्याच्या पाठीं लागूं नये, ही शिकवण हाडींमांसीं खिळलेली. शिल्लक पडेल ती पोस्टांत, विम्याच्या हप्त्यांत, थोडी सोन्यांत, आणि त्यांतून उरलीच तर घराच्या विटांत घालावयाची, हा क्रम ठरलेला.

सामुदायिक भांडवलाची कल्पना आम्हांस अपरिचित होती, असें मात्र नाहीं. अंताजी दामोदर काळे यांनीं पैसा फंड काढून माणसामाणसाकडून एकेक पैसा जमविण्याचा उद्योग आरंभिला, लोकमान्य टिळकांनीं त्यास पाठबळ दिलें, आणि त्या पैशांतून तळेगांव येथें १९०८ सालीं कांचेचा कारखाना उभा राहिला. पण तो देशकार्याचा पैसा होता. देणाऱ्यानें तो परत येण्याच्या आशेनें दिलेला नव्हता. आपलें भांडवल दुसऱ्याच्या उद्योगांत गुंतवून लाभांशाची वाट पाहत बसणें ही निराळी संवय, आणि ती अंगवळणीं पडावयास आणखी दोन-तीन पिढ्या जाव्या लागल्या.

१९६४ सालीं युनिट ट्रस्टची पहिली योजना निघाली, तेव्हां बाजाराचा वारा मध्यमवर्गीय घरांत प्रथम मागच्या दारानें शिरला. 'यू. एस. ६४' ही योजना लोक बँकेंतील ठेवीइतकीच निर्धास्त समजत. तिचा पैसा शेअरांतहि गुंतलेला असतो, याचा विचार फारसा कोणी करीत नसे. २००१ च्या जुलै महिन्यांत त्या योजनेची खरेदी-विक्री एकाएकीं थांबविण्यांत आली, तेव्हां कित्येक निवृत्तांस हें सत्य पहिल्यानेंच उमगलें. मध्यंतरीं १९९६ च्या कायद्यानें शेअरच्या कागदांच्या जागीं डिमॅट खातें आलें. पुढें मोबाइल आला, आणि २०२० सालच्या टाळेबंदींत घरीं बसलेल्या लोकांस रिकामा वेळहि मुबलक मिळाला. मार्च २०२० मध्यें देशांत सुमारें ४ कोटि डिमॅट खातीं होतीं. मार्च २०२५ मध्यें तीं १९ कोटींच्या वर गेलीं. एकाच माणसाचीं दोन-तीन खातीं असतात, हें लक्षांत घेतलें तरी ही वाढ थक्क करणारी आहे. आणि त्या वर्षींच्या आंकडेवारींत नोंदलेल्या गुंतवणूकदारांच्या संख्येनें महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. वडाच्या झाडाखालून न थांबतां गेलेल्यांचे पणतू आतां खिशांत वड घेऊन हिंडत आहेत.

या गप्पा कशा चालतात, त्याचा एक मासला पाहूं. पुण्यांत जुन्या वाड्यांच्या जागीं ज्या इमारती उभ्या राहिल्या आहेत, त्यांपैकीं कोणत्याहि इमारतींत रविवारीं सकाळीं असें संभाषण कानीं पडेल :

"काका, तुम्ही अजून मुदतबंद ठेवींतच पैसे ठेवून बसलां आहांत? महागाई ते कुरतडते आहे."

"कुरतडूं दे. उंदरानें खाल्ली तरी अर्धी पोळी उरते. तुझ्या त्या कंपनीचें काय झालें रे, जिचा भाव दुप्पट होणार होता?"

"होईल, काका. लांब पल्ल्याची गुंतवणूक आहे ती."

"गेल्या दिवाळींत तर तूं महिन्याभराचा प्रश्न आहे म्हणत होतास!"

इतक्यांत आंतून काकू येतात. "तुमचा तो निर्देशांक वर गेला कीं खालीं आला, तें राहूं द्या. कांदा कां चढला, तेवढें सांगा कोणीतरी."

सगळे हंसतात, चहा येतो आणि विषय जांवयाच्या नव्या गाडीकडे वळतो. पण या पांच-सहा वाक्यांत हंसण्यावारी नेऊं नयेत अशा तीन गोष्टी येऊन गेल्या. त्या एकेक करून पाहिल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट महागाईची. पुतण्या म्हणतो तें खोटें नाहीं. ७२ या आंकड्याला वाढीच्या दरानें भागलें, म्हणजे रक्कम दुप्पट व्हावयास किती वर्षें लागतील तें ढोबळ मानानें निघतें, असा एक सोपा हिशोब आहे. भाव दरसाल ६ टक्क्यांनीं वाढले, तर बारा वर्षांत ते दुप्पट होतात. ज्या घरास आज महिना ४० हजार रुपये लागतात, त्याला बारा वर्षांनीं त्याच आमटी-भाताकरितां ८० हजार लागतील. ठेवीवर ७ टक्के व्याज मिळालें आणि त्यांतून २० टक्के कर गेला, तर हातीं ५.६ टक्केच उरतात. म्हणजे आंकडा वाढला तरी पैशाची शक्ति घटली. २०१६ पासून रिझर्व्ह बँकेनें महागाई ४ टक्क्यांच्या आसपास राखावी असें ठरलेलें आहे, पण ४ टक्क्यांनींहि अठरा वर्षांत भाव दुप्पट होतातच.

तथापि काकांचें म्हणणेंहि तितकेंच खरें आहे. २३ मार्च २०२० या एका दिवसांत सेन्सेक्स ३,९३४ अंकांनीं, म्हणजे १३ टक्क्यांहून अधिक, कोसळला आणि २६ हजारांच्या खालीं आला. फेब्रुवारी २०२१ मध्यें तोच ५० हजारांच्या वर होता. पुतण्याच्या वयाच्या माणसास ही हकीकत धीराचें फळ म्हणून सांगतां येईल. पण ज्याच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया त्याच एप्रिलांत ठरली होती आणि जवळचा सगळा पैसा शेअरांतच होता, त्यास वर्षभर धीर धरा असें सांगण्यांत काय अर्थ? तात्पर्य, काका आणि पुतण्या एकमेकांशीं वाद घालतात तो व्यर्थ आहे. जो पैसा पांच वर्षांच्या आंत लागणार तो काकांच्या मतानें ठेवावा, आणि जो पंधरा वर्षें लागणार नाहीं तो पुतण्याच्या मतानें गुंतवावा. दोघांचीं मतें एकाच घरांत नांदावयास कांहींच हरकत नाहीं.

काकांनीं एवढेंच ध्यानांत धरावें कीं ठेवहि अगदीं वज्रलेप नसते. १९६० सालीं केरळांतील पलाई सेंट्रल बँक बुडाली, त्यानंतर १९६२ पासून आपल्याकडे ठेवींचा विमा सुरू झाला. फेब्रुवारी २०२० पासून त्याची मर्यादा दर बँकेमागें दर ठेवीदारास व्याज धरून ५ लाख रुपये करण्यांत आली. सप्टेंबर २०१९ मध्यें पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, त्या वेळीं आरंभीं खातेदारांस केवळ एक हजार रुपये काढतां येत होते. अर्धा टक्का व्याज अधिक मिळतें म्हणून आयुष्याची पुंजी एकाच पेढींत लोटणारा सावध गृहस्थ, ज्या सट्टेबाजांस तो हंसतो, त्यांच्याहून फारसा निराळा नसतो.

व्याजाच्या दराची गोष्ट तर याहून मनोरंजक आहे. मे २०२० मध्यें रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्यें तो ६.५ टक्के झाला. त्या काळांत काकांच्या ठेवीचें व्याज वाढलें, म्हणून ते खुशींत. आणि पुतण्याच्या घराच्या कर्जाचा भार वाढला, म्हणून तो चिंतेंत. पुढें २०२५ सालीं दर उतरूं लागले, तेव्हां नेमकें उलट झालें. एकाच छताखालीं जेवणाऱ्या दोघांपैकीं एकाच्या ताटांतील पोळी दुसऱ्याच्या ताटांत गेली, आणि दोघेहि सरकारास दोष देत राहिले! घर एक मानून दोघांचा जमाखर्च एकत्र मांडला असता, तर काकांच्या ठेवीच्या कांहीं भागांतून पुतण्याचें महाग कर्ज फेडावें आणि पुतण्यानें काकांस बँकेहून थोडें अधिक व्याज द्यावें, ही साधी युक्ति सुचली असती. कर्जाचा दर ठेवीच्या दरापेक्षां नेहमींच अधिक असतो, आणि मधला फरक घराबाहेर जातो. अर्थात् असा व्यवहार नात्यांतला असला तरी कागदावर असावा.

आतां काकूंचा कांदा. या प्रश्नास सगळे हंसले, पण त्या दिवशींचा खरा अर्थशास्त्रीय प्रश्न तोच होता. नाशिक जिल्ह्यांत लासलगांवच्या बाजारांत जो भाव ठरतो, त्याचे पडसाद देशभर उमटतात. चाळींत सांठविलेला उन्हाळी कांदा संपत येतो आणि खरिपाचा नवा कांदा अजून यावयाचा असतो, अशा वेळीं पाऊस जरा लांबला कीं भाव चढतात. ऑगस्ट २०२३ मध्यें कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के कर बसला, डिसेंबरांत निर्यातच बंद झाली, आणि ती मे २०२४ मध्यें पुन्हां खुली झाली. शहरांतल्या काकूंचा कांदा स्वस्त राहिला, आणि नाशिककडच्या शेतकऱ्याच्या घरीं त्या प्रमाणांत पैसा कमी आला. त्या शेतकऱ्यानें ट्रॅक्टर, दुचाकी किंवा घराचें रंगकाम पुढें ढकललें, तर त्या वस्तु करणाऱ्या कंपनीच्या विक्रीस तेवढी कात्री लागणार. आणि त्याच कंपनीचे शेअर पुतण्याच्या खात्यांत असणार! स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांमध्यें भिंत आहे ती केवळ विटांची. जी गृहिणी तेल, डाळ, साबण यांचे भाव आणि त्यांच्या पुड्यांचें घटत जाणारें वजन रोज पाहते, तिला त्या कंपन्यांविषयीं पुतण्याच्या मोबाइलहून कांहीं अधिक ठाऊक असण्याचा पुष्कळ संभव आहे. तिला या बैठकींत चहापुरतेंच बोलावणें हा घराचा तोटा आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. महिन्याभराकरितां घेतलेला शेअर पडला, तेव्हां तो एकाएकीं 'लांब पल्ल्याचा' झाला. या गप्पांचें मर्म, आणि त्यांतील विषहि, येथें आहे. चारचौघांत माणूस आपला नफा सांगतो, तोटा सांगत नाहीं. झांकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण शेअरबाजारास जितकी लागू पडते तितकी क्वचितच कोठें पडत असेल. दहाजण बसले आहेत. तिघांस फायदा झाला आहे, सातजण बुडाले आहेत. तिघे बोलतात, सातजण मान डोलावतात. ऐकणारा विशीतला मुलगा मनांत नोंद करतो कीं या बाजारांत सगळ्यांनाच पैसा मिळतो.

वस्तुस्थिति काय आहे, तें सेबीच्या आंकड्यांवरून कळेल. फ्युचर्स आणि ऑप्शन्स या नांवांनीं जो वायद्यांचा व्यवहार चालतो, त्यांत २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींचा हिशोब सेबीनें सप्टेंबर २०२४ मध्यें प्रसिद्ध केला. त्यांपैकीं ९३ टक्के लोकांस तोटा झाला होता. तोट्याची एकूण रक्कम १ लाख ८० हजार कोटि रुपयांच्या वर होती, आणि माणशीं सरासरी तोटा सुमारें २ लाखांचा होता. पुढील वर्षाच्या पाहणींतहि नुकसान सोसणाऱ्यांचें प्रमाण ९१ टक्के निघालें. शंभरांतील नव्वदांहून अधिक लोक बुडतात, आणि तरीहि पंगतींत बुडालेला एकहि भेटत नाहीं! मग हे सगळे जातात कोठें? ते आपल्याच शेजारीं बसलेले असतात. फक्त गप्प असतात.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत ही गोष्ट फार जवळून पाहावयास मिळाली. घर सुविद्य, तीन पिढ्या एकत्र. थोरला मुलगा चांगल्या पगारावर. घरांत शेअरच्या गप्पा नेहमींच्या. आणि बोलणारे वडीलधारे खरोखरच सावधपणें गुंतवणूक करणारे. पण मुलानें त्यांचे शब्द तेवढे ऐकले, त्यांचा संथपणा ऐकला नाहीं. तो ऑप्शनच्या व्यवहारांत शिरला. प्रथम थोडें मिळालें, तें त्यानें सर्वांस सांगितलें; मग गेलें, तें कोणास सांगितलें नाहीं. गेलेलें भरून काढावें म्हणून कर्ज काढलें. तें फेडावें म्हणून दुसरें काढलें. दोन वर्षें हा मुलगा रोज घरच्या पंगतीला बसून जेवत होता, आणि बाजाराच्या गप्पांत हंसून भागहि घेत होता. वडिलांच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली आणि त्याच्या नांवें ठेवलेली रक्कम काढण्याची वेळ आली, तेव्हां सगळें उघडकीस आलें. आजींनीं आपल्या पाटल्या काढून दिल्या आणि एक शब्दहि बोलल्या नाहींत. शस्त्रक्रिया झाली, वडील बरे झाले. कर्ज अजून फिटतें आहे. मुलाला पुढें विचारलें, तेव्हां त्यानें सांगितलें तें आमच्या मनांतून जात नाहीं. घरांत जो तो मिळालेलेंच सांगत असे, त्यामुळें गमावणारा आपणच एक नालायक, असें त्याला वाटत राहिलें; आणि त्या लाजेपायींच तो आणखी खोल गेला.

या मुलाला कोणीं फसविलें? दलालानें नव्हे. घरच्या अर्धवट खऱ्या गप्पांनीं फसविलें. कोणी एकानें कधीं तरी, "मीं यांत पन्नास हजार घालविले आणि म्हणून मी त्या वाटेला जात नाहीं," एवढें म्हटलें असतें, तर आजींच्या पाटल्या त्यांच्या हातांतच राहिल्या असत्या.

गप्पांच्या या शक्तीचें मोठें उदाहरण मुंबईच्याच इतिहासांत आहे. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध सुरू झालें, तेथील कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला. शहरांत पैसा मावेना, तेव्हां नव्या बँका आणि समुद्र हटविण्याच्या कंपन्या निघाल्या. बॅकबे कंपनीच्या पांच हजार भरलेल्या शेअरचा भाव पन्नास हजारांच्या घरांत गेल्याचें नमूद आहे. त्या वेळीं वर्तमानपत्रांहून अधिक जोरानें बातमी पसरली ती तोंडोतोंडीं : अमक्याला मिळाले, तमक्याला मिळाले. १८६५ सालीं युद्ध संपलें, कापूस उतरला, आणि १ जुलै रोजीं वायदे पुरे करण्याचा दिवस उजाडला तेव्हां देणाऱ्यांपाशीं द्यावयास कांहीं नव्हतें. बँक ऑफ बाँबेसारखी भक्कम समजली जाणारी पेढीहि त्यांत गेली, आणि १८६८ सालीं त्याच नांवाची नवी बँक उभारावी लागली. त्या तेजीचे अग्रणी प्रेमचंद रायचंद यांनीं वैभवाच्या दिवसांत विद्यापीठाला जी देणगी दिली, तींतून त्यांच्या मातोश्रींच्या नांवाचा राजाबाई टॉवर उभा राहिला. तेजींतील कागद विरले. तेजींत दान केलेलें तेवढें टिकलें.

१९९२ सालीं तोच खेळ पुन्हां झाला. १९९० च्या जुलैंत प्रथमच १,००० ओलांडणारा सेन्सेक्स १९९२ च्या एप्रिलांत साडेचार हजारांच्या जवळ गेला, हर्षद मेहता यांचा बँकांच्या पैशांचा घोटाळा बाहेर आला, आणि वर्षभरांत निर्देशांक निम्म्यावर येऊन बसला. २००८ च्या जानेवारींत तो २१ हजारांवर होता, ऑक्टोबरांत ९ हजारांच्या खालीं गेला. प्रत्येक वेळीं शिखरावर असतांना दिवाणखान्यांतील आवाज मोठा असे, आणि तळाशीं असतांना त्याच दिवाणखान्यांत क्रिकेटच्या गप्पा चालत. म्हणजे जेव्हां स्वस्त मिळत होतें तेव्हां कोणी बोलत नव्हतें, आणि महाग झालें तेव्हां सर्वांनीं एकमेकांस घेण्याचा आग्रह केला.

तोट्याचें गणितहि मोठें निष्ठुर असतें. शंभराचे पन्नास झाले, म्हणजे तोटा ५० टक्के. पण पन्नासाचे पुन्हां शंभर व्हावयास १०० टक्के वाढ लागते. उलट धीराचें गणित तितकेंच उदार आहे. महिना ५ हजार रुपये याप्रमाणें वीस वर्षें गुंतविले, तर पदरचे जातात १२ लाख. आणि दरसाल सरासरी १० टक्के वाढ झाली असें धरलें, तर त्यांचे सुमारें ३८ लाख होतात. ही वाढ मिळेलच अशी हमी कोणी देऊं शकत नाहीं, आणि जो देतो त्यास दारांतूनच निरोप द्यावा. परंतु थेंबें थेंबें तळें सांचतें, हें खरें. आणि लोकांसहि तें पटूं लागलें आहे. म्युच्युअल फंडांत दरमहा ठराविक रक्कम घालण्याची जी 'सिप'ची पद्धत आहे, तींत ऑक्टोबर २०२४ या एका महिन्यांत देशभरांतून २५ हजार कोटि रुपयांहून अधिक रक्कम जमा झाली. पैसा फंडाची ही नातवंडें आहेत असें म्हटलें तर चालेल; भेद इतकाच कीं हा पैसा आपल्या घरासाठीं आहे.

तेव्हां या गप्पा बंद कराव्या, असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. त्या पुऱ्या कराव्या, असें म्हणतों. त्याकरितां कुटुंबांनीं कांहीं साध्या गोष्टी पाळाव्या.

एक म्हणजे घरांत गुंतवणुकीची एक वही असावी. कोणीं काय घेतलें, केव्हां घेतलें, आणि मुख्य म्हणजे कां घेतलें, हें घेण्याच्या दिवशींच एका ओळींत लिहावें. 'मित्रानें सांगितलें' याखेरीज दुसरें कारण लिहितां आलें नाहीं, तर त्या दिवशीं घेऊं नये. वर्षांतून एकदां, पाडव्याला म्हणा, ती वही सर्वांसमक्ष उघडावी. आणि तीत प्रथम तोटे वाचावे, मग नफे. वाचण्याचा आरंभ घरांतील वडीलधाऱ्यांनीं करावा, म्हणजे धाकट्यांची जीभ मोकळी होईल.

दुसरें म्हणजे व्हॉट्सॲपवर अनोळखी माणसाकडून आलेली 'आंतली बातमी' ही कांहीं बातमी नव्हे. मोबदला घेऊन गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्यानें सेबीकडे नोंदणी केलेली असावी लागते, आणि ती नोंदणी कोणासहि पडताळून पाहतां येते. ज्याच्या हातीं दुप्पट करण्याची विद्या आहे, तो ती आपल्या दारीं फुकट वांटीत कां हिंडतो, एवढा एकच प्रश्न पुरेसा आहे.

तिसरें म्हणजे कर्ज काढून, दागिने गहाण ठेवून किंवा दुसऱ्याच्या नांवाची ठेव मोडून बाजारांत कधींहि उतरूं नये. आपलें बुडालें तर तें दुःख असतें. दुसऱ्याचें बुडविलें तर तो कलंक असतो.

चौथी गोष्ट मरणाविषयींची आहे, म्हणून ती बोलावयास घरोघर टाळाटाळ होते. किती तरी घरांत ट्रंकेच्या तळाशीं वडिलांच्या नांवाचे जुने शेअरचे कागद पडून आहेत. सात वर्षें लाभांशास कोणी हात लावला नाहीं, तर ती रक्कम, आणि पुढें ते शेअरहि, सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधींत जमा होतात. ते सोडविण्यास वारसांस अर्ज-विनंत्या कराव्या लागतात. खात्यावर नांव लावलेला 'नॉमिनी' हा मालक होतो, असाहि सार्वत्रिक समज आहे. तो चुकीचा आहे. कंपन्यांच्या शेअरांपुरतें बोलावयाचें तर सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०२३ मध्यें स्पष्ट केलें कीं नॉमिनीच्या हातीं मालमत्ता येते ती सांभाळण्यापुरती, आणि हक्क वारसा-कायद्यानें किंवा मृत्युपत्रानें ज्यांस मिळतो त्यांचाच राहतो. घरांतील कर्त्या पुरुषाच्या मागें त्याच्या पत्नीस कोणत्या बँकेंत काय आहे याचा पत्ता नसावा, ही गोष्ट सुशिक्षित म्हणविणाऱ्या घरास शोभत नाहीं. मृत्युपत्र करावें, आणि तें कोठें ठेवलें आहे तें दोघांस तरी सांगावें.

पैशाविषयीं उघड बोलणें असभ्य, असा एक जुना संकेत आपल्या घरांत होता. त्यामागें निर्लोभतेचें तेज होतें, हें आम्ही मान्य करतों. पण आतां बोलणें तर सुरूच झालें आहे. प्रश्न इतकाच उरला आहे कीं तें अर्धें बोलावें कीं पुरें. अर्ध्या बोलण्यानें हेवा वाढतो, लाज वाढते आणि एखाद्या धाकट्याचा जीव टांगणीस लागतो. पुऱ्या बोलण्यानें काकांचा सावधपणा पुतण्यास मिळतो, पुतण्याचें नवें ज्ञान काकांस मिळतें आणि काकूंच्या कांद्याचें कारणहि सर्वांस कळतें. येत्या रविवारीं कोणी "बाजार काय म्हणतो?" असें विचारलें, तर वाचकांनीं उत्तरादाखल आपल्या एखाद्या फसलेल्या खरेदीची हकीकत सांगून पाहावी. समोरचा थोडा चपापेल. मग तोहि आपली सांगेल. आणि कोपऱ्यांत मोबाइल घेऊन बसलेला मुलगा मान वर करून ऐकूं लागेल.